सहा अक्षरांचा तक्ता

चष्मेवाल्यांच्या दुकानातला डोळे तपासायचा तक्ता जळाला तो त्यांच्याच काटकसरीने. तक्त्यामागचा दिवा गेला, तेव्हा घरात पडून असलेला एक भलताच प्रखर दिवा त्यांनी तिथे बसवला आणि ते जेवायला गेले. परत येऊन बघतात तो कागद करपून तपकिरी झालेला. धड म्हणावीत अशी सहाच अक्षरं उरली होती: ओ, टी, पी, डी, ई आणि एल. नवा तक्ता यायला पंधरा दिवस लागणार होते, आणि पंधरा दिवस गिऱ्हाइकांना काय सांगायचं?

मग त्यांनी ती सहा अक्षरं गिरवून घरीच तात्पुरता तक्ता करायला घेतला. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा, पट्टी, काळा रंग असा पसारा मांडला. बायको शेजारी वर्तमानपत्रातलं इंग्रजी शब्दकोडं सोडवत बसली होती. तिने मान तिरकी करून पाहिलं.

"टी-डी-ई-पी? याला काही अर्थ आहे का?"

"अर्थ नसतोच त्याला. डोळे तपासायचेत, परीक्षा घ्यायची नाही."

"पण याच सहा अक्षरांत कितीतरी शब्द बसतात की. पी-ओ-टी, पॉट. म्हणजे भांडं. तेच उलटं वाचलं की टॉप, म्हणजे शेंडा. तीच तीन अक्षरं फिरवली की ऑप्ट, म्हणजे निवडणं. मग डॉट, ठिपका. ओल्ड, म्हातारा. पोल, खांब. प्लॉट."

"म्हणजे जमिनीचा तुकडा."

"नाहीतर कट," बायको म्हणाली आणि पुन्हा कोड्यात शिरली.

चष्मेवाल्यांना कल्पना आवडली. डोळे तपासता तपासता लोकांच्या पदरात चार शब्द पडले, तर वाईट काय?

पहिल्या दिवशी सकाळी एक शिंपी आला. त्याने चार ओळी घडाघडा वाचल्या आणि विचारलं, "हे भांडं, मग शेंडा, मग ठिपका. पुढे काय होतं यात?" त्याची समजूत काढेपर्यंत पाऊण तास गेला. त्यानंतर आलेल्या बाई 'ओल्ड'पाशी थबकल्या.

"हे मला उद्देशून आहे का?"

"छे हो, सगळ्यांना तेच वाचायला देतो."

"आधी चेहरा बघून देत जा," असं म्हणून त्या पर्स उचलून निघून गेल्या.

आणि अकराच्या सुमाराला सर आले.

सर म्हणजे चष्मेवाल्यांचे शाळेतले इंग्रजीचे सर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण ते दारात दिसले की चष्मेवाले अजूनही हातातलं काम टाकून उभे राहत. जवळचं वाचायला सरांना या वयातही चष्मा लागत नसे, आणि हे ते चारचौघांत आवर्जून सांगत. लांबचं कसं दिसतं, हा विषय मात्र ते निघू देत नसत. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, स्कूटरची किल्ली लपवून ठेवली, म्हणून ते आज आले होते.

"हिचं समाधान कर बाबा एकदा," सर खुर्चीत बसत म्हणाले. "लाव तुझा तक्ता."

वरचं मोठं 'पॉट' त्यांनी वाचलं. 'टॉप'ही वाचलं. पुढच्या ओळीशी ते क्षणभर थांबले, डोळे बारीक केले, मग त्यांच्या चेहऱ्यावर जुनं हसू उमटलं.

"अरे, अक्षरं तीच फिरवली आहेस. मग हे ऑप्ट. क्रियापद, निवडणे. पुढे डॉट. मग... चांगला गोलसा ओ दिसतोय सुरुवातीला, ओल्ड. विशेषण. शेवटी पोल आणि प्लॉट. बरोबर?"

"बरोबर, सर."

"प्लॉटचे दोन अर्थ सांग."

चष्मेवाल्यांनी दोन्ही सांगितले. सर इतके खूश झाले, की डोळे कुणाचे तपासले जात होते ते चष्मेवालेही विसरले. त्यांनी कागदावर लिहून दिलं, 'दृष्टी उत्तम. चष्म्याची गरज नाही.'

तो कागद दाखवून सरांनी किल्ली परत मिळवली.

चौथ्या दिवशी सकाळी दुकान उघडतं न उघडतं तोच काकू तो कागद घेऊन हजर झाल्या. बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "काल आम्ही यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या निरोप समारंभाला गेलो होतो. म्हणजे मी गेले. हे शेजारच्या हॉलमध्ये गेले."

"तिथे काय होतं?"

"लग्नाचं रिसेप्शन. मी स्कूटरच्या डिकीतून फुलं काढतेय, तोवर हे स्टेजवर. हातात माइक. नवरदेवाला सांगतायत, इतकी वर्षं निष्ठेने काढलीत, कधी तक्रार केली नाहीत, आता मोकळे झालात. आता कुणाचं ऐकून घ्यायला नको. सव्वीस वर्षांचा मुलगा तो. हात जोडून ऐकत होता बिचारा. नवरी त्याच्याकडे बघत होती."

"मग?"

"लोक पोट धरून हसत होते. यांना वाटलं, भाषण रंगलं. अजून तसंच वाटतंय, मी काही बोलले नाही. पण येताना भर रस्त्यात स्कूटर थांबवली आणि एका विजेच्या खांबाला म्हणाले, 'या, या, सावकाश जा.' मी मागे बसते रे. मला भीती वाटते."

चष्मेवाल्यांचे कान तापले. सरांनी ते शब्द वाचले नव्हते, अंदाजाने ओळखले होते. आपण सरांना तपासलंच नव्हतं. सरांनीच आपल्याला तपासलं होतं, आणि वर आपण सही करून मोकळे झालो होतो.

"मी आजच त्यांना सांगतो, काकू."

"सांगून ऐकतील का? चाळीस वर्षं शेवटच्या बाकावरच्या पोराची चूक पकडली, असं अभिमानाने सांगतात. दिसत नाही, हे त्यांच्या तोंडून यायचं नाही."

संध्याकाळी घरी जेवण जाईना, तेव्हा बायकोने कारण काढून घेतलं. थोडा वेळ ती पेन्सिल दाताखाली धरून बसली.

"चूक दिसली तर सर सोडतील का?"

"सर? अजिबात नाही. एकदा त्यांनी लग्नपत्रिका तपासून परत पाठवली होती."

"मग त्यांना चुकीचंच लिहून दाखवा."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांनी सरांना निरोप धाडला, की तक्ता नव्याने लिहिलाय, स्पेलिंगं एकदा डोळ्यांखालून घाला. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. बरोबर काकू होत्या. तक्त्यावर शब्द तेच होते, पण 'ओल्ड' लिहिलं होतं ओ-डी-एल, 'पोल' लिहिलं होतं पी-ओ-ई-एल, आणि 'प्लॉट'ची तर दशाच करून टाकली होती.

सरांनी खुर्चीतून नजर फिरवली. "ओल्ड, पोल, प्लॉट. छान. एकही चूक नाही."

काकू जमिनीकडे पाहू लागल्या. शाळेत असताना सर कधी चुकावेत, असं चष्मेवाल्यांना फार वाटायचं. आज ते चुकले होते, आणि मुळीच बरं वाटत नव्हतं.

"सर, ही फ्रेम जरा घालून बघता का? माप घ्यायचंय, नवीन आलीये," असं म्हणत त्यांनी तपासणीची जड गोल फ्रेम सरांच्या नाकावर बसवली आणि एक एक भिंग सरकवायला सुरुवात केली. पहिल्या भिंगाला सर गप्प होते. दुसऱ्याला त्यांनी मान पुढे काढली. तिसरं भिंग बसलं आणि सरांचा आवाज चाळीस बाकांच्या वर्गात घुमावा तसा घुमला.

"गाढवा, पोलमध्ये ई कधीपासून मध्ये आला?"

"चुकलं, सर."

"आणि हे ओ-डी-एल काय आहे? आणि खाली प्लॉट? हे कुणी लिहिलं?"

"मीच, सर. आणखी काही दिसतंय?"

"दिसतंय म्हणजे? शेवटच्या ओळीत टी आडवा झालाय." सर अजून बोलणार होते, पण मध्येच थांबले. त्यांनी हात वर नेऊन फ्रेमला लावला. मग काढला. तक्ता त्यांच्यासमोर स्वच्छ होता, आणि मघाशी आपण काय बोललो तेही त्यांना आठवलं असणार.

"नंबर लिहून घे," अखेर ते हळूच म्हणाले.

चष्मेवाले लिहू लागले. फ्रेम काढायच्या आधी सरांनी सहज मान वळवली आणि बाकावर बसलेल्या काकूंकडे पाहिलं. पाहतच राहिले.

"तुझ्या चेहऱ्यावर इतक्या सुरकुत्या कधी आल्या?"

"सहा-सात वर्षं झाली असतील."

"बोलली नाहीस कधी."

"मला वाटायचं," काकू म्हणाल्या, "तुम्हाला दिसतायत, पण शहाण्यासारखे गप्प बसलाय."