सत्तारभाईंचं पहिलं पाणी

सत्तारभाईंना पाणी दिलं की ते पेला घेऊन दाराबाहेर जात, सगळं पाणी ओतून देत आणि रिकामा पेला परत पुढे करून म्हणत, "आता द्या."

ह्या सवयीपायी आमच्या गल्लीतलं एक लग्न मोडता मोडता राहिलं. मुलाकडची मंडळी मुलगी पाहायला आली होती. शेजारी म्हणून सत्तारभाईही बसले होते. मुलीने पाण्याचा ट्रे आणला आणि ह्या गृहस्थांनी पहिला पेला उचलून सरळ अंगणातल्या तुळशीत रिकामा केला. मुलाच्या मामाने दबकत विचारलं, "काऊन जी, पाण्यात काही आहे का?"

"तेच तं माहीत नाई ना," सत्तारभाई गंभीरपणे म्हणाले.

नंतर सगळ्यांनी आपापले पेले खाली ठेवले.

सत्तारभाई चंद्रपूरला भूजलाच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते आणि वरोऱ्याहून रोज रेल्वेने जात-येत. मी इथल्या कॉलेजात ग्रंथपाल. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती, त्यामुळे त्यांचं शास्त्र मला इच्छा नसतानाही पाठ झालं. जमिनीखालचं पाणी तपासायला जी विहीर खणतात, तिच्यात स्टीलचा जाळीदार पाईप सोडतात. त्यात पाणी महिनोन्महिने बसून राहतं. स्टील गंजत नाही असं आपण सगळे समजतो. ते गंजतं, फक्त सावकाश आणि इभ्रत सांभाळून. गंजताना ते आपल्यातलं लोखंड, क्रोमियम, निकेल पाण्यात सोडतं. उलट पाण्यात आर्सेनिकसारखं विष असेल, तर ते त्या गंजाला चिकटून बसतं. मग बाटलीतल्या नमुन्यात जमिनीत नसलेलं सापडतं आणि असलेलं सापडत नाही.

"आमच्या हापिसातल्या बाबूसारखंच आहे ते," सत्तारभाई म्हणत. "नको ते देते अन् पाहिजे ते दाबून ठेवते."

म्हणून आधी बसलेलं पाणी उपसून फेकायचं, मग नमुना घ्यायचा, तोही काचेच्या बाटलीत. काच काही देत नाही, काही घेत नाही. एकदा चिमूरकडच्या एका गावात ते असा पंप लावून बसले. बरोबरच्या साहेबांचं जेवण निवून गेलं, पण पाण्यातले क्षार मोजणाऱ्या ह्यांच्या मीटरचा आकडा काही स्थिर होईना. पाणी भळाभळा बांधावरून वाहत होतं. शेजारच्या धानाच्या शेताची मालकीण फावडं घेऊन आली आणि मुकाट्याने ते आपल्या बांधीत वळवून घेऊ लागली. पंप बंद झाला तेव्हा म्हणाली, "साहेब, अजून थोडं खराब पाणी फेका ना. एक कोपरा राह्यला."

हा नियम ते माणसांनाही लावत. कोणी येऊन हवापाणी, तब्येत, गाड्यांचा उशीर असं बोलू लागलं की ते थोडा वेळ ऐकून घेत आणि मग म्हणत, "हे पाईपाचं झालं, भाऊ. आता जमिनीचं बोला." उसने पैसे मागायला आलेल्यांची ह्यामुळे बरीच सोय होई.

अशा माणसाच्या नशिबी जुबेदाभाभी आल्या होत्या. त्यांना स्टीलचं वेड. जुने कपडे देऊन भांडेवालीकडून त्यांनी भिंतभर भांडी जमवली होती आणि प्रत्येक भांड्यावर मशीनने टिंबाटिंबांचं नाव कोरून घेतलं होतं: 'जुबेदा'. सत्तारभाई भिंतीपलीकडून ऐकू येत, "नाव काऊन खोदते? तिथं पत्रा पातळ होते. आपल्या बोअरचं खारं पाणी, तिथूनच भोक पाडन."

"तं मग तुमचं नाव खोदते," भाभी म्हणत. "गंजन तं तुम्हीच गंजा."

रोज सकाळी भाभी झाकणाची एक स्टीलची किटली पाण्याने भरून त्यांच्या हाती देत. ते ती नेत. स्टीलमधलं पाणी ते पीत नसत, त्यामुळे संध्याकाळी किटली तशीच भरलेली परत येई. भाभी ते पाणी कढीपत्त्याला घालत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा किटली भरत. मी एकदा विचारलं, "प्यायचं नाही तर नेता कशाला?"

"तुमची भाभी भरून देते ना," सत्तारभाई म्हणाले. एवढंच.

भाभी गेल्या त्या दिवशी ते नमुने आणायला धानोऱ्याकडच्या जंगलात होते. निरोप पोचून ते परत येईपर्यंत घर माणसांनी भरलं होतं. हातात किटली होती. ती त्यांनी कपाटावर उंच ठेवली आणि म्हणाले, "ह्याले कोणी हात लावू नका." गर्दीतलं कोणीतरी हळूच म्हणालं, "जमजम असन." हजच्या पवित्र पाण्याला कोण हात लावणार? माणसं दोन पावलं मागे सरली. मग ज्याला सुचलं ते तो बोलत राहिला. सगळं पाईपाचंच होतं. सत्तारभाईंनी त्या दिवशी कोणालाच टोकलं नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा नागपूरहून त्यांची मुलगी शबाना त्यांना न्यायला आली. मी सामान बांधायला गेलो होतो. "नागपूर काय, जवळच आहे," मी म्हणालो. "तब्येतीला जपा."

"हे पाईपाचं झालं," ते म्हणाले आणि स्टुलावर चढून त्यांनी किटली खाली काढली. कपाटाच्या फळीवर वाटीएवढा ओला डाग होता. किटलीच्या पोटावर, 'जुबेदा'तल्या 'जु'च्या एका टिंबातून, पाणी टिपकत होतं.

आयुष्यभर ज्यासाठी भांडले ते त्यांच्या डोळ्यांपुढे सिद्ध झालं होतं. मला वाटलं, आता म्हणतील, मी काय सांगत होतो! ते त्या टिंबावर अंगठा दाबून उभे राहिले.

"चांगलं इस्टील होतं हो," ते म्हणाले. "भांडेवाली तं चांगलं म्हणे."

आतून शबाना ओरडली, "अब्बा, जमजम आहे ते! सांडून राह्यलं!"

"तिले सांगू नका," ते मला पुटपुटले. "आपल्या बोअरचंच पाणी आहे. तिच्या आईनं भरलेलं शेवटचं. मी खोटं नाई बोललो, भाऊ. लोक बोलले, मी चूप राह्यलो. जमजम कोणी फेकत नाई ना."

मी बांधलेल्या सामानातून एक काचेची बाटली शोधून काढली. सवयीने मी मोरीकडे पाहिलं. "पहिलं पाणी?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. अंगठा काढला आणि पहिल्या थेंबापासून सगळं बाटलीत धरलं. पाणी किंचित पिवळसर दिसत होतं. बाटली उजेडाकडे धरून ते म्हणाले, "ह्यात आता पाणी कमी अन् किटलीच जास्त." मग बूच घट्ट लावलं.

सत्तारभाई वारल्याचं कळल्यावर मी नागपूरला गेलो. शबानाच्या घरी बरेच लोक होते. मीही तब्येतीचं, वयाचं, काय काय विचारलं. ती सगळ्याला उत्तरं देत होती. मग जरा थांबून म्हणाली, "काका, शेवटी अब्बा कोणाच्या हातचं पाणी घेत नव्हते. तोंड फिरवून घेत. मग त्यांनीच कपाटाकडे बोट दाखवलं. ते जमजम होतं ना काचेच्या बाटलीतलं, ते पाजलं चमच्यानं."

"मग?"

"मी गमतीनं म्हटलं, अब्बा, पहिला चमचा फेकू का? तं माझा हातच धरला त्यांनी." ती डोळे पुसत हसली. "सगळं प्याले, काका. नशीबवान होते. जमजम सगळ्यांले कुठी मिळते?"

"हो," मी म्हणालो. "नशीबवान होते."