कोंडाबाई कासारणीने चार श्रेयांक सर केले त्याची बखर

श्रीशारदा प्रसन्न, दप्तर जागृत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, फाल्गुन शुद्ध दशमी, ते दिवशी समस्त राज्यात दवंडी फिरली, ती ऐसी जे, “विद्या आकाशासारखी आहे, चार भिंतींत कोंडता येत नाही, जो जेथे शिकला तेथील शिकणे खरे मानोन हुजुरांतून श्रेयांक बहाल होतील.” हे ऐकोन प्रजा आनंदली, विद्वानांच्या डोळ्यांस पाणी आले, आणि ही दवंडी ऐकावयास सर्वांनी वर्गात हजर राहावे, गैरहजरास परीक्षेस बसू दिले जाणार नाही, ऐसा पोटहुकूमही त्याच दवंडीच्या शेपटास बांधिला होता.

आता नेणत्यांनी जाणावे जे, धान्य पायलीने मोजितात तैसे त्या राज्यात शिकणे श्रेयांकाने मोजीत, आणि एकशे वीस भरले की पदवी, एक उणा तरी घरचा रस्ता. तेथील पेठेत कोंडाबाई कासारीण म्हणोन बावन्न वर्षांची बाई बांगड्या भरीत असे. चौथीत असता शाळा सुटली आणि डोईवर बांगड्यांची पेटी चढली, आणि मग पेटीचे दुकान जाहले, आणि लेकी सासरी गेल्या, तेव्हां बाईंच्या मनाने घेतले की पदवी घ्यावी. मग विद्यापीठात बाहेरून नाव घालोन, गिऱ्हाईक नसेल तेव्हां पुस्तक आणि असेल तेव्हां गिऱ्हाईक, ऐसे करीत एकशे सोळा श्रेयांक सर केले. चार उरले. आणि नियम ऐसा कठोर की आठ वर्षांत एकशे वीस न भरतील त्याचे मागले सर्व पाण्यात. आणि आठवे वर्ष येत्या चैत्री पाडव्यास पुरे होत होते. पेठेतील लोक पुसत, “कोंडाबाई, या वयात पदवी कशाला?” तेव्हां बाई म्हणत, “गिऱ्हाईक विचारतं, शिकलाय किती? चौथी म्हणताना जीभ जड होते हो. दुकानाच्या पाटीवर नावापुढं दोन अक्षरांची जागा सोडून ठेवलीय. रंगारी दर दिवाळीला विचारतो, भरू का म्हणून.”

ऐशा समयी दवंडी कानी आली, आणि बाई म्हणाल्या, चाळीस वर्षे बांगड्या भरल्या, त्याचे चार तरी देतील. मग अर्ज घेवोन विद्यापीठाच्या कचेरीत दाखल जाहल्या. तेथे हजेरीनवीस नारोपंत म्हणोन मोठे नियमनिष्ठ गृहस्थ गादीवर विराजमान होते. त्यांणी अर्ज उलटा वाचिला, सुलटा वाचिला आणि पुसिले, “वर्गाबाहेर शिकलात, ठीक. वर्ग कोणता?” बाई म्हणाल्या, “वर्ग नव्हताच, म्हणून तर बाहेर.” पंत म्हणाले, “बाहेर म्हणजे कोणत्या वर्गाच्या बाहेर? हा रकाना रिकामा ठेवता येत नाही.” मग बाईंनी ‘सर्व’ ऐसे लिहिले. पंतांनी चष्मा पुसिला आणि म्हणाले, “बरे. आता हजेरी. शंभरांतील पंचाहत्तर दिवस आपण वर्गाबाहेर हजर होतां, याचे साक्षीदार पाहिजेत. चिठ्ठी चालणार नाही. जातीने.” “किती आणू, पंत?” “असतील तितके आणा,” म्हणोन पंत पान लावू लागले, आणि आयुष्यात एवढी एकच चूक पंतांकडून घडली.

दुसरे दिवशी प्रातःकाळी पेठेतून फौज बाहेर पडली. आघाडीस भाजीवाल्या, मध्ये लेकुरवाळ्या, पिछाडीस काठी टेकीत म्हाताऱ्या, ऐशी ती सेना विद्यापीठाच्या दरवाजावर येवोन भिडली, आणि पहारेकऱ्याने आपली आई ओळखोन दरवाजा उघडिला. नारोपंत सज्जात येवोन गरजले, “हा मोर्चा कशाचा?” कोंडाबाई म्हणाल्या, “मोर्चा नव्हे, हजेरी. घ्या.” आणि मागे वळोन म्हणाल्या, “बायांनो, ज्यांचे हात मी भरले त्यांनी वर करा.” तेव्हां अकराशे हात वर जाहले, आणि बांगड्यांचा जो नाद उठला त्याने कचेरीच्या छपरावरील पारवे उडाले, आणि ग्रंथालयात झोपलेले दोन प्राचार्य जागे होवोन तास संपला ऐसे समजोन घरी गेले. पंत मोजू लागले. तीनशेपर्यंत मोजिले, तो पुढल्या रांगेत एक हात ओळखीचा दिसला. “अगं, तू?” पंतांचे कुटुंब म्हणाले, “लग्नातला चुडा यांनीच भरलाय माझा. तुम्ही दाराबाहेर दोन तास ताटकळत होतां ना? मग लिहा, वर्गाबाहेर तुम्हीही हजर होतां.” मग पंतांनी पुढील मोजणी सोडिली आणि मुकाट शिक्का मारिला.

परंतु खरे रण पुढेच होते. वद्य पंचमीस परीक्षेची सभा बैसली. प्रधान परीक्षक धुंडिराजशास्त्री. यांणी बांगडी या विषयावर तीन खंडांचा ग्रंथ रचिला होता, आणि तो इतका थोर की आजवर कोणी कासाराने वाचिला नव्हता. शेजारी गणिताच्या विदुषी इंदुमतीबाई, करारी, दोन्ही हात मोकळे. कोंडाबाई जाजमावर बैसल्या, पेटी पुढे ठेविली, आणि एकशे सोळा श्रेयांक पदरात बांधोन आणिले असावे तैसी पदराची गाठ एकवार चाचपिली. शास्त्री म्हणाले, “सिद्धांत सांगा. मनगटाचा परीघ आणि बांगडीचा व्यास, यांचे नाते काय?”

“मनगटाचं काय विचारता शास्त्रीबुवा?” कोंडाबाई म्हणाल्या. “मनगट बिचारं कुणाला अडवत नाही. बांगडी अडते अंगठ्याच्या बुडाशी. मनगट बघून बांगडी काढणारा कासार दिवसाला दोन डझन फोडील.”

सभेत खसखस पिकली. इंदुमतीबाईंनी तीनही खंडांच्या सूची चाळिल्या. मनगट सातशे ठिकाणी होते. अंगठा कोठेही नव्हता. शास्त्री लाल जाहले आणि त्यांणी डाव टाकिला, “बोलणे पुरे. या इंदुमतीबाईंच्या हातात बांगडी भरून दाखवा.” हा डाव मोठा घातकी होता, कारण की तीस वर्षे खडू धरोन त्या हाताची पेरे ताठरली होती, आणि दोन नामांकित कासार त्यापुढे हात टेकोन गेले होते. कोंडाबाईंनी हात नुसता पाहिला आणि पेटीतून दोन-सहाच्या मापाची हिरवी काढिली. शास्त्री म्हणाले, “माझ्या सूत्राने दोन-दोनची लहान येते.” बाई म्हणाल्या, “सूत्राला घाला ती.” मग साबणाचे पाणी लाविले, अंगठा तळव्यात मुडपिला, बांगडी पेरांपर्यंत चढविली, आणि तेथे टचकन आवाज जाहला.

“फुटली!” शास्त्री आसनावरून उठले. “हात कठीण, हे आम्हांस मान्य आहे. तथापि—”

“हात कठीण नाही,” कोंडाबाई काचा वेचीत म्हणाल्या. त्यांचे बोट कापले होते, ते पदरात धरिले. “माझी घाई झाली. भरताना फुटली ती कासाराची, बाईची नव्हे. मनगटात गेल्यावर मग बाईची. धंद्याच्या पहिल्या दिवशी आत्यानं हेच शिकवलं. म्हणाली, गिऱ्हाइकाच्या हाताला नाव ठेवायचं असलं तर पेटी खाली ठेव आणि घरी जा.”

“ही रीत झाली, विद्या नव्हे.”

“असेल बुवा. मला काय कळतं? पण तुमच्यात कशी रीत असते? भरताना पोर फुटलं, तर ते कुणाचं?”

तेव्हां सभेतील सर्व जण मान वर करोन कुरकुरत्या पंख्याकडे पाहू लागले. कारण की त्याच वर्षी शास्त्रीबुवांच्या विषयात शंभरांतील एकसष्ट नापास जाहले होते, आणि अहवालात कारण, हात कठीण, याच अर्थाचे काही संस्कृतात लिहिले होते.

मग कोंडाबाईंनी दुसरी बांगडी घेतली आणि इंदुमतीबाईंस पुसिले, “माहेर कुठलं हो, बाई?”

“नदीपलीकडचं. का?”

“घरामागं काय होतं?”

“विहीर. विहिरीवर पेरू वाकलेला. मी चढून बसायची आणि आई खालून ओरडायची, पडलीस तर मारीन...” इंदुमतीबाई हसल्या, आणि हात पाहिला, आणि हसणे राहिले. “गेली?”

“मघाच. तुम्ही पेरूवर होतां तेव्हां. हात ताठतो तो भीतीनं. मी हाताकडं बघतच नाही, भुवईकडं बघते. दुखणार आहे ते भुवईला आधी कळतं.”

मग एकामागोन एक पुरा डझन चढविला, एकही न फुटता. इंदुमतीबाईंनी हात हलवोन तो नाद ऐकिला, आणि काही वेळ गणित विसरल्या. मग म्हणाल्या, “तीस वर्षे मी फळ्याकडे बघून शिकवले. भुवई कोणाची पाहिली नाही. शास्त्रीबुवा, चार लिहा.” आणि धुंडिराजशास्त्रीही काही कोत्या मनाचे नव्हत, घटकाभर आपला अंगठा न्याहाळीत बैसले, आणि मग स्वहस्ते चार लिहोन, चौथा खंड अंगठ्यावर करण्याचा संकल्प जाहीर केला.

मग तोफा जाहल्या, साखर वाटली, आणि हुजुरांतून हुकूम सुटला की येथून पुढे नापासाच्या पत्रावर जेथे शिकणाराचे नाव तेथे शिकविणाराचेही नाव घालावे. हुकूम सुटताच पुढील सहामाहीस समस्त राज्य उत्तीर्ण जाहले. ते विद्येने की भयाने, याचा शोध कोणी करू नये. येणेप्रमाणे कोंडाबाई कासारीण एकशे वीस भरोन पाडव्याचे दिवशी पदवीधर जाहल्या, आठ वर्षे पाण्यात गेली नाहीत, बाहेरची विद्या आत आली आणि आतल्यांस थोडे बाहेरचे वारे लागले. इतकी हकीकत.

एक सांगावयाचे राहिले ते ऐसे जे, पदवीदानाचे दिवशी महाराजांचे विद्येवरील भाषण दोन प्रहर चालोन निम्म्यावर आले होते, आणि मध्ये थांबोन त्यांणी कोंडाबाईंच्या हाती पदवी ठेविली आणि म्हणाले, “माग, काय मागायचे ते माग.” तेव्हां बाई पदवी पदराखाली धरोन पुढे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “भाषण राहिलंय तेवढं माझ्या मागं केलंत तर बरं होईल, महाराज. सुताराच्या सुनेचं डोहाळजेवण आहे, बांगड्या भरायला बाया हात धुऊन बसल्यात.”