चिंगीसाठी भुवया

सकाळी दुधाची वाटी तशीच भरलेली दिसली आणि दिगंबररावांना कळलं, की चिंगी गेली. गॅलरीतल्या खुर्चीवर झोपल्यासारखी पडली होती. त्यांच्या बायकोची, सुहासिनीची मांजर. सुहासिनीला जाऊन दोन वर्षं झाली होती. हाक मारल्यावर उत्तर देणारं घरात एवढं एकच उरलं होतं, तेही गेलं.

दिगंबररावांनी तिला इमारतीमागच्या तगरीखाली पुरलं आणि छाती पुढे काढून ठरवलं, दिलेला शब्द पाळायचा!

शब्द असा होता. सुहासिनी शाळेत इतिहास शिकवायची. प्राचीन इजिप्तचा धडा आला, की आठवडाभर घरात इजिप्तच. तिथली मांजरं कोठारातलं धान्य खाणारे उंदीर मारायची, म्हणून लोक त्यांना देवासारखं जपायचे. त्यांच्यासुद्धा ममी करायचे. आणि घरातली मांजर मेली, की घरातली सगळी माणसं भुवया भादरून सुतक पाळायची!

"आपली चिंगी गेली तर काढाल?" तिने एकदा विचारलं होतं.

"काढीन की!" दिगंबरराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले होते. असे शब्द नवरे रोज देतात. अडचण एवढीच, की या शब्दातून मोकळं करायला ती आता नव्हती.

ते सलूनमध्ये गेले.

"पोपट, भुवया काढ."

"बारीक करू, काका?"

"साफ."

पोपटचा वस्तरा हवेतच थांबला. "कोण गेलं?"

"मांजर."

"आमच्यात मिशी काढतात."

"मांजर गेल्यावर?"

"मांजर गेल्यावर सुटलो म्हणतात. मान सरळ धरा."

आरशात एक उकडून सोललेला बटाटा चष्मा लावून बसला होता! आणि तेव्हा, म्हणजे अगदी वेळेवर, दिगंबररावांना सलील आठवला.

सलील त्यांचा मुलगा. राहायला विश्रांतवाडीला. मागच्या महिन्यात दिगंबरराव गॅसवर चहा ठेवून मंडईत गेले होते. तेव्हा त्याने बजावलं होतं, "बाबा, आता आणखी एक विचित्र प्रकार केलात, तर सामान बांधून घेऊन जाईन!" नारायण पेठेतलं हे घर सोडायचं, म्हणजे सुहासिनीला दुसऱ्यांदा पोचवायचं. ते त्यांना जमणार नव्हतं.

भुवया उगवेपर्यंत सलीलला तोंड दाखवायचं नाही, असा बेत करून ते जिना चढू लागले. वरून शेजारचे यज्ञेश्वर उतरत होते. ते कठडा धरून उभेच राहिले.

"दिगंबरराव! कधीपासून हे?"

"आज सकाळीच कळलं."

"आणि आम्हाला बोलला नाहीत!"

"घरातलं दुःख. कुणाला काय सांगायचं?"

यज्ञेश्वरांनी डोळे पुसले. त्यांच्या मेव्हण्याचे केस केमोमुळे असेच गेले होते. तासाभरात अख्ख्या इमारतीला कॅन्सरची बातमी कळली. कळली नाही ती फक्त रुग्णाला!

मग माणसं येऊ लागली. शहाळी आली, पपया आल्या. तळमजल्यावरच्या सुंदराबाई मऊ भाताचा डबाच घेऊन आल्या.

"फार त्रास होतो का हो?"

"होतो. घर खायला उठतं."

"औषध काही?"

"वयच झालं होतं. औषधाचा काय उपयोग?"

सुंदराबाईंनी पदर तोंडाला लावला. दिगंबररावांचाही ऊर भरून आला. कोण म्हणतं पुणेकर कोरडे? इथे मांजरासाठी शहाळी आणतात!

एवढ्यात फोन वाजला. सलील! "बाबा, यज्ञेश्वरकाकांनी सगळं सांगितलं. निघालोय. सामान भरून ठेवा!"

 भुवयांची बातमी फुटली होती! दिगंबररावांनी सुहासिनीची काजळाची डबी शोधली. इजिप्तमध्ये पुरुषही काजळ घालायचे, तेव्हा सुतक मोडत नव्हतं. डावी भुवई बरी उतरली. उजवी घाईत कपाळावर गेली. अर्धा चेहरा शांत आणि अर्ध्या चेहऱ्याला पेन्शन बंद झाल्याची बातमी नुकतीच कळलेली!

सलील मोठी बॅग घेऊन आला. दारातच ती खाली टाकून म्हणाला, "बाबा, कॅन्सर आहे आणि मला सांगितलं नाहीत?"

"कुणाला कॅन्सर?"

"तुम्हाला!"

"छे रे. चिंगी गेली."

सलील बॅगेवरच बसला. मग दिगंबररावांनी सगळं सांगितलं. पेपर, शब्द, पोपट. घामाने काजळ गालावर उतरलं, तरी सांगत राहिले.

 सलीलने हळूच स्वतःच्या भुवयांना हात लावला.

"घरातल्या सगळ्यांनी काढायच्या असतात ना? माझं उद्या प्रेझेंटेशन आहे. लांब राहणाऱ्या मुलांना सूट होती का?"

"ते आईला विचारायला हवं होतं."

दोघेही हसले. नंतर दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

सलीलने टेबलावरच्या पपया बघितल्या. "आमच्या सोसायटीत माणसाचं डोकं गेलं तरी कुणाला कळत नाही. इथे नुसत्या भुवया गेल्या, तर सगळे दारात! राहा इथेच. पण यज्ञेश्वरकाकांना तुम्हीच सांगायचं." त्याने बॅगेत चार शहाळी भरली. निघताना म्हणाला, "आणि बाबा, एकट्याला दुधाच्या दोन पिशव्या कशाला? एक बंद करा."

"सांगतो," दिगंबरराव म्हणाले.

यज्ञेश्वरांना त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. यज्ञेश्वरांनी पपई परत मागितली. दूधवाल्याला मात्र अजून सांगायचं राहिलं आहे.