वाढदिवसांचे कंडक्टर

आमच्या मीनूच्या चौथ्या वाढदिवसाचं पहिलं आमंत्रण मलाच आलं. वाढदिवस करायचा की नाही, हे आम्ही नवराबायकोनं अजून ठरवलंसुद्धा नव्हतं.

सकाळी दार उघडलं तर कडीला एक कार्ड अडकवलेलं. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान कापून केलेलं. चारी कडांना बारीक गोल भोकांची नक्षी, मध्ये भेंडीच्या छापाची लाल फुलं, आणि खाली टपोऱ्या अक्षरात मजकूर: ‘कु. मीनू हिची गाडी चार नंबरच्या थांब्यावर येत आहे. सर्व शिटांनी वेळेवर हजर राहावे. उभ्याने प्रवासास परवानगी आहे. सोबत सामान (भेटवस्तू वगैरे) आणू नये, आणल्यास टपावर टाकण्यात येईल. आईबापांना पास मोफत.’

नाशिककडून बदली होऊन सिंदी मेघेला येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. अठ्ठ्याहत्तर साल असेल. मी कार्ड हातात घेऊन तशीच उभी. तेवढ्यात शेजारच्या कुंपणावरून एक डोकं वर आलं. कानावर पेन्सिल, अंगात खाकी शर्ट.

“वहिनी, आमंत्रण भेटलं ना? मी देवराव. हिंगणीच्या गाडीवर कंडक्टर आहो.”

“पण वाढदिवस आम्ही...”

“तुमी काई काळजी करू नका. तुमच्या पोरीनंच सांगतलं मले तिची तारीख. मंग मी म्हटलं, आईबाप नवे हायेत, त्यायले इथला रूट माहीत नसन.”

देवरावजींचा हा रूट आमच्या सगळ्या वस्तीतून जायचा. वस्तीत पोरं असलेलं असं एकही घर नव्हतं जिथे त्यांनी वाढदिवस केला नाही. तारखा लिहून ठेवायची त्यांना गरज नव्हती. सगळं वर्ष त्यांच्या डोक्यात थांब्यांसारखं लागलेलं असे. “राजू ना? तो संक्रांतीच्या पुढचा स्टॉप. बेबी पोळ्याच्या अलीकडं उतरते.” ज्यांच्या आयांना मुलाची जन्मतारीख ठाऊक नसे, त्यांची ते चौकशी करत. कपाशीची वेचणी चालू होती का संपली होती? विहिरीचं पाणी कुठपर्यंत होतं? थंडी होती का? मग डोळे मिटून, ओठ हलवून एक तारीख जाहीर करत. कुणी शंका काढली तर म्हणत, “चुकलं त दोन-चार दिवसायनं चुकन बाप्पा. लेकरू त बरोबर हाय ना!”

कार्डाच्या कडेची नक्षी ते तिकिटाच्या पंचनं पाडत. ड्यूटीवरचा पंच नव्हे. त्याला ते घरी हातही लावत नसत. हा वर्ध्याच्या भंगार बाजारात मिळालेला, एका बाजूनं वाकलेला पंच होता. संध्याकाळी ओट्यावर बसून ते कार्डांना भोकं पाडत, खट्‌ खट्‌ आवाज सगळ्या गल्लीत जाई, आणि पोरं ओळखत की कुणाची तरी गाडी लागली. ज्याचा वाढदिवस त्यानंच भेंडीचे छाप मारायचे, असा नियम. रंग म्हणजे बायकांचा उरलेला आलता. मीनूनं बाकीच्या कार्डांवर मारलेले छाप कार्डापेक्षा फ्रॉकवर जास्त होते.

“शिटा किती?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

“दहा-बारा बोलवू,” मी म्हणाले.

“अशी निवडून शिटा भरत नाई वहिनी. गल्ली म्हणजे गल्ली. एक पोट्टं खाली राह्यलं ना, तर बाकीच्यायच्या पोटात गेलेलं गोड लागत नाई.”

बेकरीच्या केकशी त्यांचं वैर होतं. “त्यात निस्ती हवा भरून राह्यते,” असं त्यांचं मत. त्यांचा केक म्हणजे शिरा. तुपाचा हात फिरवलेल्या डब्यात गरम शिरा दाबून भरायचा, थाळीत उलटा करायचा, भोवती संत्र्याच्या फोडी लावायच्या आणि मध्ये अर्धा कापलेला पेरू ठेवून त्यात मेणबत्ती रोवायची, म्हणजे मेण शिऱ्यावर गळत नाही. माळा कपाशीच्या बोंडांच्या, होळीच्या उरलेल्या गुलालात बुडवलेल्या. फुगे मात्र त्यांना चालत नसत. “फुटला का एक रडते, नाई फुटला त दुसरा फोडते.”

मीनूच्या वाढदिवसाला माझा शिरा सैल झाला. देवरावजींनी मोठ्या ऐटीत डबा उलटा केला, वर थाप मारली, डबा उचलला, आणि शिरा संथपणे चारी दिशांना पसरत थाळीच्या काठाला जाऊन टेकला. मीनूचा ओठ थरथरायला लागला. मी पदर तोंडाला लावला. देवरावजी वाकून शिऱ्याकडे पाहत राहिले आणि तोंडावर बोट ठेवून हळूच म्हणाले, “शूऽ! केक झोपला हाय. दिवसभर प्रवास झाला त्याले. कोणी मोठ्यानं बोलू नका.”

त्या दिवशी वीस-पंचवीस पोरांनी वाढदिवसाचं गाणं कुजबुजत म्हटलं. टाळ्यासुद्धा दोन बोटांनी वाजवल्या. पुढं कितीतरी दिवस वस्तीतली मुलं आपापल्या आयांकडे ‘झोपलेला केक’ मागत होती.

आमच्या वस्तीच्या टोकाला, अगदी डांबरी रस्त्याला लागून, पार्वताबाईंचं घर होतं. त्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जात. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. घरात त्या आणि मंगला, दोघीच. मंगलाला सातवं लागणार होतं. तिच्यासारखे सुबक छाप वस्तीत कुणाचेच उमटत नसत. तिनं आपली सगळी कार्डं स्वतः केली आणि दारोदार जाऊन स्वतः वाटली. त्या दिवशी नेमकी देवरावजींना संध्याकाळची हिंगणीची मुक्कामी गाडी होती. म्हणून त्यांनी सकाळीच जाऊन अंगणात साडीचा मांडव बांधला, माळा लावल्या, पार्वताबाईंना शिरा किती घट्ट हवा ते दोनदा सांगितलं आणि म्हणाले, “मी गाडीतून पाह्यतो. आवाज इकडून तिकडं गेला पाह्यजे!”

पण त्याच दिवशी पलीकडच्या बंगल्यात नव्यानं आलेल्या इंजिनिअर साहेबांच्या मुलाचाही वाढदिवस निघाला. नागपूरहून केक आणलेला. जादूगार येणार होता. तो टोपीतून कबुतर काढतो, ही बातमी दुपारपर्यंत वस्तीभर झाली.

संध्याकाळी मी मीनूला घेऊन मंगलाकडे गेले, तेव्हा मांडवात मंगला एकटी उभी होती. केसांना तेल, दोन वेण्या, आईच्या साडीतून शिवलेला गुलाबी फ्रॉक. पार्वताबाई म्हणाल्या, “येतीन आता. जादू पाहून येतीन.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, “येतीनच.” बंगल्याकडून टाळ्या ऐकू येत होत्या. मंगला एका माळेतलं बोंड सरळ करत होती, सरळ झालेलंच पुन्हा सरळ करत होती. मीनूनं शिऱ्याकडे पाहून मला मोठ्यानं विचारलं, “आई, हा केक उठून बसलाय, मग पोरं कुठं गेली?”

तेवढ्यात वळणावर हिंगणीची गाडी दिसली. खच्चून भरलेली. दारात देवरावजी, आधीच हसत, हात वर करायच्या बेतात. गाडी जवळ आली. त्यांनी मांडव पाहिला, मांडवाखालची रिकामी सतरंजी पाहिली. हात तसाच राहिला. मग खण्‌कन बेल वाजली आणि गाडी आमच्यासमोर थांबली.

“चला, सगळ्या शिटा खाली! गाडी गरम झाली हाय!”

पुढून ड्रायव्हर रहीमभाईंनी डोकं बाहेर काढलं. “कहां गरम हुई? आत्ता तर डेपोतून निघालो!”

“रहीमभाई,” देवरावजी म्हणाले, “जरा इकडं पाहा.”

रहीमभाईंनी पाहिलं. मंगलाकडे पाहिलं, शिऱ्याकडे पाहिलं. मग खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि आत वाकून म्हणाले, “अरे बाप रे, बहोत गरम है.”

माणसं उतरू लागली. बाजार करून निघालेले म्हातारे, कांद्याच्या टोपल्या घेतलेल्या बायका, सेलूची कॉलेजची पोरं, एक कोंबडी बगलेत धरलेले बुवा, आणि बोरच्या जंगलाकडचं एक गोंड जोडपं. देवरावजी दारात उभे राहून ओरडत होते, “पुढं सरका, पुढं सरका! मांडवात जागा हाय! आज आमच्या मंगलाबाईचा वाढदिवस हाय, गाणं म्हटल्याशिवाय कोणाले परत चढता येणार नाई!”

कोणी कुरकुरलं नाही असं नाही, पण शिऱ्याचा वास चांगला सुटला होता. मेणबत्ती लागली. अर्ध्या लोकांना गाणं येत नव्हतं, त्यांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या. जंगलाकडची ती बाई पुढं आली, मंगलाच्या डोक्यावर हात ठेवून तिनं आपल्या बोलीत एक गाणं म्हटलं. आम्हाला शब्द कळले नाहीत, पण सगळे ऐकत राहिले. शिरा प्रसादासारखा चिमूट चिमूट वाटला. सामान आणू नये हा नियम त्या दिवशी मोडला: मंगलाच्या ओच्यात कुणी वांगी टाकली, कुणी मूठभर शेंगा, एका म्हाताऱ्यानं मुळा दिला, पानांसकट. पार्वताबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, डोळ्यांना पदर लावून. मंगला मात्र हसत होती. एवढे मोठे पाहुणे वस्तीत कुणाच्याच वाढदिवसाला आले नव्हते. बंगल्यात गेलेली पोरं गडबड ऐकून पळत आली तेव्हा तिनं त्यांना मोठेपणानं सांगितलं, “या, अजून थोडा हाय.”

टोपी घातलेले एक गृहस्थ उशीर झाला म्हणून सारखं घड्याळ पाहत होते. त्यांनी शिरा दोनदा घेतला आणि दुसऱ्या दिवशी तक्रारही दिली.

डेपोच्या साहेबांनी देवरावजींना बोलावलं. गाडी खरंच गरम झाली होती का, असं विचारलं. देवरावजी म्हणाले, “नाई साहेब. गाडी नवती तापली, मीच तापलोतो. रहीमभाईचा काई दोष नाई.” त्यांना काही दिवस घरी बसवलं. आणि एवढं खरं बोलल्यावर साहेबांनाही दुसरं काय करता आलं असतं, असं देवरावजीच सगळ्यांना सांगत होते.

त्या दिवसांत एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले. ओट्यावर ते कार्डं कापत बसले होते. त्यांच्या पत्नी कमलवहिनी बाजूला अंबाडीची भाजी निवडत होत्या.

“देवरावजी, नोकरीवर बेतलं असतं,” मी म्हणाले. “रात्री परत आल्यावरही काही करता आलं असतं.”

“मुक्कामी गाडी ना वहिनी. परत सकाळी येते.” ते हसले. “अन्‌ वाढदिवस शिळा झाला का त्याले चव नाई राहत.”

कमलवहिनी भाजीवरून मान वर न करता म्हणाल्या, “शोभीचं सांगा ना त्यायले.”

शोभा त्यांची एकुलती मुलगी. लग्न होऊन बालाघाटला दिलेली, एवढंच मला माहीत होतं. देवरावजींची कात्री थांबली.

“काई नाई हो,” ते म्हणाले. “तवा आमी सेलूच्या अलीकडं रस्त्यालेच राह्यत होतो. शोभीले पाचवं लागलंतं. मले मुक्कामी ड्यूटी. पोरीले सांगतलं, मी येतो. आता गाडी घरावरूनच जाते, म्हणून सांगतलं. नोकरी नवी होती. अन्‌ त्या दिवशी गाडीत मोठे साहेब बसले.”

“नवा झगा घालून उभी होती रस्त्यावर,” कमलवहिनी म्हणाल्या. “मी मागं.”

“रहीमभाईच होता गाडीवर. त्यानं गाडी हळू केली. त्याले वाटलं मी उतरतो, नाई त लेकराले हात त लावतो.” देवरावजी अंगणाकडे पाहत होते. “मी दोनदा बेल मारली. गाडी निघाली. ती हात हलवून राह्यली होती. तिले वाटलं, थांबून राह्यली गाडी.”

त्यांनी कात्री बाजूला ठेवली. मग तेच म्हणाले, “मागच्या दिवाळीत आलती तवा मी तिले विचारलं. एवढ्या वर्षानं. म्हटलं, बाई, तुले रागबिग हाय का त्याचा? ती म्हणते, ‘बाबा, कोणती गाडी?’ तिले आठवतच नाई. कायीच आठवत नाई.”

“बरंच झालं की,” मी म्हणाले.

“बरं झालं ना?”

“हो. खरंच बरं झालं.”

कमलवहिनी उठल्या, नवऱ्याच्या शर्टाच्या बाहीला चिकटलेला कागदाचा कपटा त्यांनी काढून टाकला आणि चहा ठेवायला आत गेल्या. देवरावजी त्या गेल्या त्या दाराकडे पाहत राहिले.

“घरचीही असंच म्हणते,” ते म्हणाले. “रहीमभाईले विचारलं, तोही असंच म्हणते. मी सगळ्यायले विचारतो वहिनी. सगळे हेच सांगते.”