शिफारस झालेला डबा

मुलुंडच्या सहजीवन सोसायटीत घरोघरी व्हिडिओ आला आणि सभासदांची अभिरुची धोक्यात असल्याचे कार्यकारिणीच्या लक्षात आले. तातडीने विज्ञान, इतिहास आणि साहित्यिकांची चरित्रे यांवरील पाहण्याजोगे माहितीपट सुचवणारी समिती नेमण्यात आली. अध्यक्ष कुंडलिकराव. त्यांच्या घरी मारधाडीची कॅसेट लागायची होती, म्हणून पहिली बैठक लवकर उरकली.

वनमालाबाई समितीवर आपणहून गेल्या. त्यांच्या गावच्या एका कवीवर माहितीपट निघाला होता. त्यात कवींच्या डोक्यावर छत्री धरून चालणारा माणूस म्हणजे बाईंचे यजमान. ते वारले, त्यांचा फोटो भिंतीवर गेला. पण चालणारे यजमान उरले ते त्या रिळातच. बाईंना ते एकदा डोळे भरून पाहायचे होते. खटपट करून त्यांनी त्या रिळाचा सीलबंद डबा सरकारी कचेरीतून मिळवला.

"लावायचा का?" त्यांनी विचारले.

"शिफारस झाल्याशिवाय कसा लावणार?" कुंडलिकराव म्हणाले.

"आणि बघितल्याशिवाय शिफारस कशी करणार?"

"बघून केली तर ती आवड झाली ना, बाई. समितीला आवड नसते."

समितीने काम चोख केले. ग्रहणावरचा माहितीपट वेध पाळून दाखवावा, असे ठरले. किल्ल्यावरचा मंजूर झाला, किल्ला पडल्याचा भाग वगळून. मग कवींची पाळी आली.

"कवी विडी ओढताना दिसत नाहीत ना?" सदस्य शिवदासांनी शंका काढली.

"डबा बंद आहे, तेव्हा नाही दिसत," अध्यक्षांनी निर्वाळा दिला.

शिफारस एकमताने झाली. बाई प्रोजेक्टर भाड्याने ठरवून आल्या, तर डबा घाटकोपरच्या एका सोसायटीकडे रवाना झालेला. इतकी उत्तम कलाकृती आपल्यापुरती ठेवणे समितीला स्वार्थीपणाचे वाटले होते. घाटकोपरकरांनी तिची शिफारस बोरिवलीच्या सोसायटीला केली, डब्याला हार घालून.

बाई बोरिवलीला पोचल्या. तिथल्या चिटणीस नीलाताईंनी आदराने डबा दाखवला.

"थोर माहितीपट हो. मुलांना मी बजावून ठेवलंय, बघायलाच हवा म्हणून."

"तुम्ही पाहिलात?"

"वेळ कुठे होतो? पण शिफारस झकास लिहिलीय."

"मग उघडा ना. माझे यजमान आहेत त्यात."

"अहो, सील फुटलं तर अंधेरीवाले म्हणतील, वापरलेला पाठवला."

बाईंनी डब्यावरून हात फिरवला. घरी फोटोला हार होता, आता इथेही होता. इतके दिवस आवरलेले रडू त्यांना तिथे, नीलाताईंसमोर आले. नीलाताई हेलावल्या. माहितीपट इतका परिणामकारक असल्याचे त्यांनी शिफारशीत वाढवले.

डबा अंधेरीहून पुढे निघाला आहे. उद्या तुमच्या सोसायटीत येईल. तेव्हा सील फोडा आणि आधी बाईंना बोलवा. तुम्ही मान डोलावलीत, ते दिसले. कुंडलिकरावही अशीच डोलावतात. आता ही गोष्ट शेजाऱ्याला सांगाल आणि वर म्हणाल, तो माहितीपट अवश्य पाहा.