परस्थानाची पेटी

चंपालालने डोकं चालवलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. जळगावच्या 'लखीचंद चंपालाल' या कापडदुकानात डोकं चालवण्याचं खातं थोरल्या भावाकडे, लखीचंदकडे होतं. चंपालालकडे मीटरपट्टी आणि कात्री. वापरात नसलेलं डोकं कोरं करकरीत राहतं आणि एखाद्या दिवशी भलत्याच वेळी चालू होतं, तसं त्याचं झालं.

अडुसष्ट-एकोणसत्तर सालची गोष्ट. चंपालालच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत त्याच्या बायकोने, प्रेमकुंवरने, सासर पाहिलं होतं, दोंडाईचाचं माहेर पाहिलं होतं आणि मधली अमळनेर-नरडाणा ही स्टेशनं खिडकीतून पाहिली होती. बाकी हिंदुस्थान तिला ऐकून माहीत. घर एकत्र, माणसं पुष्कळ. दिवसाउजेडी नवराबायको दोघंच कुठे बसली आहेत आणि अर्धा तास बोलताहेत, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. (घडलं असतं तर कुणीतरी डॉक्टरला बोलावलं असतं.)

तेव्हा चंपालालने ठरवलं की बायकोला औरंगाबादचा बिबीका मकबरा दाखवायचा आणि तिथूनच वर म्हैसमाळच्या डोंगरावर न्यायचं. मकबरा कुणी बांधला, कशासाठी बांधला, हे त्याने शेजारच्या मास्तरांकडून ऐकून पाठसुद्धा केलं. मकबऱ्यासमोर उभं राहून आपण सांगतो आहोत आणि प्रेमकुंवर ऐकते आहे, मग म्हैसमाळच्या कड्यावर दोघंच बसून पुऱ्या खातो आहोत, असं चित्र त्याने मनात इतक्यांदा पाहिलं होतं की मापात चूक होऊन एका गिऱ्हाइकाला अर्धा मीटर कापड जास्त गेलं.

कापडदुकानदाराला सुट्टी मिळायची ती पितृपंधरवड्यात. त्या दिवसांत नवं कापड कुणी घेत नाही. लखीचंदने तीन दिवस दिले, गुरुवार ते शनिवार. नवरात्र लागलं की दुकान, मग दिवाळी, मग लग्नसराई. म्हणजे आता नाही तर पुढच्या वर्षी. प्रेमकुंवर फार बोलणारी नव्हती. ती एवढंच म्हणाली, "या वेळी राहिलं तर राहू द्या. मी पुन्हा विचारणार नाही." ओरडणारी बायको परवडली, असं चंपालालला तेव्हा प्रामाणिकपणे वाटलं.

आता औरंगाबादेत थोरल्या भाभीचं माहेर होतं. तिथे कळलं असतं तर मंडळींनी तीन दिवस जेवायलाच घातलं असतं आणि मकबरा राहिला असता बाजूला. भाभीने विचारलं, "माझ्या माहेरी पत्र टाकलंत ना?" चंपालाल म्हणाला, टाकलं. पत्र टाकलं नव्हतं. दोघांनी धर्मशाळेत उतरायचं आणि गुपचूप परत यायचं, असा त्याचा बेत होता.

बेतात पहिली काडी घातली आईने. पानबाई म्हणाल्या, "गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल असतो. औरंगाबाद दक्षिणेला. गुरुवारी पाऊल उचलायचं नाही." चंपालालने बसचं सांगितलं, सुट्टीचं सांगितलं, आजकाल असलं कुणी मानत नाही हेही सांगितलं. पानबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि माळ ओढायला घेतली. शेवटी तोडही त्यांनीच काढला. बुधवारी चांगल्या वेळेला परस्थान ठेवायचं. म्हणजे ज्या दिशेला जायचं त्या दिशेला, गावातच कुणाच्या तरी घरी, आपली एक वस्तू नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. दुसऱ्या दिवशी जाताजाता ती उचलून पुढे जायचं. फक्त एकदा निघालेली वस्तू प्रवास पुरा झाल्याशिवाय घरात परत आणायची नाही.

पानबाईंनी नारळ, सुपारी आणि मूठभर तांदूळ फडक्यात बांधून दिले. आणि इथे चंपालालचं डोकं चालू झालं. त्याच्या मनात आलं, नारळच कशाला? पेटीच पाठवू. गुरुवारी पहाटे एवढी मोठी पेटी वागवत बसायला नको. परस्थान पण झालं आणि ओझंही गेलं. त्याने पेटीत दोघांचे कपडे, प्रेमकुंवरची ठेवणीतली साडी, पुऱ्या, खाखरे, लोणचं असं सगळं भरलं. (हॉटेलात खाणं त्यांच्यात चालत नसे.) नारळाचं गाठोडं वर ठेवलं आणि बुधवारी टांग्यातून पेटी अजिंठा रस्त्यावर बेबाबाईंकडे नेऊन ठेवली.

बेबाबाई दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक, मूळच्या धुळ्याकडच्या. त्यांनी पेटी ओसरीवर ठेवून घेतली, चहा केला. चंपालालने चहाबरोबर आपला सगळा बेत सांगितला. औरंगाबाद, मकबरा, म्हैसमाळ, काही ठेवलं नाही. फक्त परस्थान म्हणजे काय ते सांगायचं राहिलं.

गुरुवारी सकाळी दोघं टांग्याने तिथे आली तेव्हा ओसरी झाडून स्वच्छ केलेली होती आणि तिच्यावर काहीही नव्हतं.

"तुमनी पेटी तं गयी औरंगाबादले," बेबाबाई समाधानाने म्हणाल्या. "मना भाचा चुडामण केळीसना ट्रक लई चालना व्हता. त्याले सांगं, शेठनी पेटी शे, औरंगाबादले जावानी शे, लई जाय. त्यानी बठ्ठं नीट ठेवं. काळजी करू नका."

चंपालालने कपाळाला हात लावला. बेबाबाईंना वाटलं, नमस्कार करतो आहे. त्यांनी तोंडभर आशीर्वाद दिला.

एस.टी.त पाच तास चंपालाल बोलला नाही. (हे पाच तास बायकोशी बोलायचे म्हणून राखून ठेवलेले होते.) औरंगाबादला उतरताच त्याने प्रेमकुंवरला स्टँडवर बसवलं आणि फळबाजार गाठला. चुडामण सापडला. त्याने चंपालालला मोठ्या आदराने केळीच्या घडांवर बसवलं आणि सांगितलं, "शेठ, तुम्ही पत्ता द्यायचा विसरले. पण पेटीवर दुकानाचं नाव होतं ना. मी कापडबाजारात नुसतं विचारलं, जळगावच्या लखीचंद शेठचं इथे कोण आहे. लगेच दाखवलं घर. थेट सासूबाईंच्या हातात दिली पेटी."

चंपालाल उठला तेव्हा त्याच्या पांढऱ्या लेंग्याला केळीचा चीक लागला होता. केळीचा चीक जळगावच्या माणसाला सांगायला नको. कापड फाटतं पण डाग जात नाही. तो डाग घेऊन, बायकोला घेऊन, चंपालाल त्याच घराच्या पायऱ्या चढला जे चुकवण्यासाठी त्याने एवढा खटाटोप केला होता.

भाभीची आई, हीराबाई, दारातच उभ्या होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता, तेच वाईट. त्या म्हणाल्या, "या पाव्हणे. तुमच्या पेटीला आमचं घर सापडलं. तुम्हाला शोधायला जरा वेळ लागला, नाही का?"

चंपालालने पेटी कुठे आहे ते विचारलं. पेटी घरात नव्हती. भाभीचा भाऊ प्रकाशचंद उत्साही माणूस. चुडामणकडून म्हैसमाळचं कळल्याबरोबर त्याने पेटी एका ओळखीच्या जीपमधून म्हैसमाळच्या विश्रामगृहात पुढे पाठवून दिली होती. "खोली धरून ठेवायला सामान टाकलेलं बरं असतं," तो म्हणाला. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी त्याने पेटी टाकून खोली धरली होती. चंपालालला प्रकाशचंदचा लेंगा घालायला मिळाला. प्रकाशचंद दुकानात दोन गाद्यांवर बसत असे. त्या लेंग्याची नाडी आवळल्यावर चंपालाल गाठोड्यासारखा दिसू लागला.

शुक्रवारी सकाळी मकबऱ्याला जायचं ठरत होतं. पण दुसऱ्याच्या लेंग्यात मकबऱ्यासमोर उभं राहायला चंपालालचं मन घेईना. शिवाय पेटीत आईचा नारळ. तो हरवला तर घरात पाऊल टाकायची सोय नव्हती. तो प्रेमकुंवरला म्हणाला, "पहिल्या बसने जातो, पेटी घेऊन दुपारी हजर. मग आपण दोघंच मकबरा पाहू. तू थांब."

"थांबते," प्रेमकुंवर म्हणाली. अकरा वर्षांची सवय होती तिला.

म्हैसमाळला बस पोचली. चंपालाल धावत विश्रामगृहाच्या मागच्या दाराशी गेला. खानसामा शांतपणे म्हणाला की खोलीत साहेब आले आहेत, सामान सकाळीच दुधाच्या गाडीतून खाली पाठवलं, प्रकाशचंद शेठकडे. हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता, पण चंपालालने घातली. तेवढ्यात परतीच्या बसचा हॉर्न वाजला. लेंगा दोन्ही हातांनी धरून तो धावला. म्हैसमाळच्या डोंगराचं त्याला झालेलं दर्शन म्हणजे विश्रामगृहाचं मागचं दार. ते हिरवं होतं.

बस घाट उतरत होती. एका वळणावर खालून येणाऱ्या जीपसाठी ड्रायव्हरने बस बाजूला घेतली. जीपमध्ये प्रकाशचंद होता, हीराबाई होत्या आणि शेजारी प्रेमकुंवर. डोक्यावरचा पदर एका हाताने सावरत, वाऱ्यात डोळे बारीक करून ती हसत होती. चंपालालने तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर तो पाहतच राहिला. मग त्याला जीपच्या टपावर बांधलेली पेटी दिसली. त्याने खिडकीतून हात हलवले, हाका मारल्या. प्रेमकुंवरने बसकडे बघून हात हलवला. एवढ्या उंचावर कुणीतरी अनोळखी माणूस आपल्याला हात करतो आहे, याचं तिला अप्रूप वाटलं असावं.

झालं होतं ते सरळ होतं. चंपालाल वर पोचायच्या आत पेटी खाली पोचली होती. प्रकाशचंदने हिशेब मांडला: पेटी आली म्हणजे पाव्हणे वर एकटेच अडकले, बिचाऱ्यांजवळ खायला काही नाही. तेव्हा जीप काढा, पेटी घ्या, सगळेच वर जाऊ. वाटेत प्रेमकुंवरला मकबराही दाखवून टाकू, म्हणजे पाव्हण्यांना पुन्हा त्रास नको.

परत वर जायचं म्हणून चंपालाल घाटाखालच्या खुलताबादला उतरला. वर जाणारी बस आता संध्याकाळी, आणि तीही आली तर. तो स्टँडवरच्या बाकावर बसून राहिला. संताप यायला समोर कुणीतरी लागतं, आणि समोर एक बकरी होती. सगळ्यांनी आपल्यावर उपकारच केले होते, हे त्याला सगळ्यात जास्त झोंबत होतं. बेबाबाईंवर चिडता येईना, चुडामणवर चिडता येईना, प्रकाशचंदचा तर लेंगाच अंगावर होता. आणि ज्या कड्यावर तो बायकोशेजारी बसणार होता, त्या कड्यावर या वेळी त्याच्या जागी हीराबाई बसल्या असतील, हे मनात येऊन त्याला खरोखर भरून आलं.

जीप परत आली. प्रेमकुंवरने आधी त्याला पाहिलं आणि गाडी थांबवायला लावली. तिने त्याच्यासाठी डब्यात चार पुऱ्या आणि लोणचं राखून ठेवलं होतं. डबा त्याच्या हातात दिला आणि मग तिचं लक्ष आभाळाकडे गेलं. सूर्य मावळला होता. सूर्यास्तानंतर खायचं नाही, हा नियम त्या घरात पानबाईंच्या सासूपासून कुणी मोडला नव्हता. चंपालालने डब्याचं झाकण पुन्हा लावलं आणि औरंगाबादपर्यंत डबा मांडीवर घेऊन बसला. पुऱ्यांचा वास मात्र कोणत्याच नियमात बसत नव्हता.

पेटीतल्या लोणच्याचं तेल चंपालालच्या कपड्यांवर सांडलं होतं, म्हणून अंगावर लेंगा प्रकाशचंदचाच राहिला. शनिवारी निरोपाचं जेवण इतकं लांबलं की मकबरा राहिला तो राहिलाच. परतीच्या बसमध्ये प्रेमकुंवर बोलायला लागली. पाणचक्कीचं पाणी कुठून येतं, म्हैसमाळच्या कड्यावरून ढग पायाखालून कसा जातो, हीराबाईंना जीपमध्ये कशी मळमळ झाली, सगळं. तिला सांगायला, यातलं काहीच न पाहिलेला असा हक्काचा माणूस मिळाला होता. सिल्लोड गेलं, अजिंठ्याचा घाट गेला, तरी ती बोलतच होती.

"तो मकबरा कुणी बांधला, माहीत आहे तुम्हाला?" तिने विचारलं.

चंपालालला पाठ होतं. सनावळीसकट पाठ होतं.

"नाही," तो म्हणाला.

"मुलाने आईसाठी बांधला," ती म्हणाली, आणि तिथल्या वाटाड्याने सांगितलेलं सगळं तिने त्याला नीट समजावून सांगितलं. चंपालाल मान डोलवत ऐकत राहिला. आपल्याला इतकं बरं का वाटतं आहे, हे त्याला कळेना.

घरी पानबाईंनी दोघांना ओवाळलं, पेटीलाही कुंकू लावलं. नारळ शाबूत होता. त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "परस्थान ठेवलं म्हणून प्रवास निर्विघ्न झाला."  चंपालालने भाभीच्या डोळ्याला डोळा देणं टाळलं.

गल्लीतल्या बायका जमल्या. प्रेमकुंवरने पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि कुणीतरी विचारलं की आता पुढच्या वर्षी कुठे. ती म्हणाली, "अबूचा डोंगर आणि उदयपूर. फक्त पेटीचा घोळ नको. पुढच्या वेळी आदल्या दिवशी परस्थान म्हणून यांनाच पाठवून देऊ. पेटी घेऊन मी मागून निवांत येईन."

बायका हसल्या. पानबाई हसल्या नाहीत. शास्त्राचा प्रश्न होता. त्यांनी माळ थांबवली, लेंग्याची नाडी धरून उभ्या असलेल्या मुलाकडे वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहिलं आणि सुनेला म्हणाल्या, "चालायचं नाही, बिनणी. परस्थानाला प्रवासात उपयोगी पडेल अशीच वस्तू पाठवावी लागते."