एका शब्दाचे मधुकरराव

राळेगावात ज्याला घाई असेल त्याने आमच्या गल्लीतून जाऊ नये. गल्लीच्या तोंडाशीच मधुकररावांचे फाटक आहे आणि फाटकाला टेकून मधुकरराव उभे असतात. सायकलवाला असो की पायी चालणारा, ते हात आडवा करतात आणि विचारतात, "लाईन म्हणजे काय, सांगा बरं?"

दूधवाला म्हणतो, वीज. भाजीवाली म्हणते, रेशनच्या दुकानासमोर लागते ते. शेतातून येणारा एक जण म्हणाला, ठिबकची नळी. कॉलेजात जाणारी एक पोरगी नुसतीच लाजली. मधुकररावांनी मान डोलावली. "समजलो. तोही अर्थ आहे. सभ्य नाही, पण आहे."

एवढ्यावर ते सोडत नाहीत. समोरच्याने एक अर्थ सांगितला की ते चार ऐकवतात. हातावरची लाईन, पोलीस लाईन, रेल्वेची लाईन, वहीतली लाईन. पोरगा कोणत्या लाईनला गेला, म्हणजे काय शिकतो. पोरगा लाईनीवर आला, म्हणजे सुधारला. समोरच्याचे दूध नासते, बस निघून जाते, पण मधुकररावांचे अर्थ संपत नाहीत.

आमच्या समोर सलीम मिस्त्रीचे गॅरेज आहे. तो गाड्यांच्या खालून डोके काढून ओरडतो, "चाचा, छोड दो उसको! बेचारे की नोकरी जाएगी!"

"अरे सलीम, तू सांग. ट्रकवाले काय म्हणतात?"

"लाईन पे है, बोलते. मतलब घर पे नहीं है."

"वा! हा माझ्याकडे नव्हता."

मधुकरराव तहसील कचेरीतून रिटायर झालेले. आयुष्यभर हाताखाली फायली, डोक्यावर पंखा. तेव्हा त्यांना हे वेड नव्हते. हे लागले त्यांच्या बायकोपायी. ती कुसुम. माझ्याच वयाची, माझी मैत्रीण. बोलायला अशी की तिच्याशी भांडायला बसलेली बाई हसत उठायची.

एका दुपारी वीज गेली. आमच्याकडे लाईन गेली म्हणतात. कुसुम स्वयंपाकघरातून ओरडली, "अजी, लाईन गेली काय पाहा ना सगळ्याईची!" आणि दारातच खाली बसली. लकवा. हातपाय बऱ्यापैकी सुधारले, काठी घेऊन चालते. बोलणे मात्र गेले. सगळे शब्द गेले आणि एकच मागे राहिला. लाईन. पाणी पाहिजे, तरी लाईन. राग आला, तरी लाईन. आली गेली माणसे, तरी लाईन. डोळ्यांवरून दिसते की तिला सगळे कळते. तोंडात तेवढेच येते.

यवतमाळच्या डॉक्टरने मधुकररावांना समजावून सांगितले, "असं होतं. त्यांना म्हणायचं वेगळंच असतं. त्या शब्दाचा अर्थ शोधू नका."

शोधू नका म्हटले की मधुकररावांचे झालेच. मला म्हणाले, "वहिनी, कचेरीत साहेबानं सापडत नाही म्हटलेली फाईल मी काढून दिलेली आहे."

मी म्हटले, "भाऊजी, बायको फाईल नाई."

"नाहीच. फाईल वेळेवर सापडत होती."

मग गल्ली काय बोलते ते त्यांच्या कानावर यायला लागले. कुसुमबाईचे डोके गेले. बडबडते. हे त्यांना फार लागले. तेव्हापासून ते फाटकावर उभे राहायला लागले आणि घरी कोणी आले की कुसुमच्या बोलण्याचा अर्थ लावून द्यायला लागले.

पाहुणा येतो. कुसुम म्हणते, "लाईन."

मधुकरराव लगेच म्हणतात, "विचारते, येताना रस्ता कसा होता?"

पाहुणा म्हणतो, "चांगला होता, काकू. राळेगावच्या अलीकडे खड्डे आहेत."

कुसुम म्हणते, "लाईन, लाईन."

"म्हणते, चहाचं ठेवते. म्हणजे मी ठेवतो."

कधी नेम लागतो, कधी लागत नाही. एकदा मी बसलेली असताना कुसुम खिडकीकडे बोट दाखवून लाईन लाईन करायला लागली. मधुकरराव म्हणाले, "कपड्याची दोरी! वारा सुटला." जाऊन ओले कपडे घरात आणले. ती आणखी चिडली. "मग विजेची तार असेल." तार पाहून आले. तोवर मी उठून बाहेर डोकावले. माझी बकरी त्यांच्या वाफ्यातली सगळी मेथी खाऊन शेवटच्या जुडीवर आली होती.

"आता हा अर्थ कुठं घालू?" मधुकरराव म्हणाले.

मी म्हटले, "बकरीच्या पोटात."

कुसुम इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले. हसणे तिचे गेलेले नाही, पहिल्यासारखेच आहे.

एक दिवस ते सकाळीच माझ्याकडे आले. शाळेच्या लायब्ररीतली जाड डिक्शनरी वाचून आले होते. चेहरा असा, जसे काही त्यांना मुलगा झाला.

"वहिनी, लाईन हा शब्द कुठून आला, सांगा."

"मले काय मालूम? मी चौथी शिकली."

"जवसातून!"

"कोण?"

"शब्द! जवसाच्या काडीपासून सूत निघतं. लॅटीनमध्ये जवसाचं जे नाव, त्यावरून त्या सुताच्या दोरीचं नाव पडलं. मिस्त्री ती दोरी ताणून भिंत सरळ धरतो, म्हणून सरळ रेघ ती लाईन. मग रेघेसारखं जे जे दिसलं ते लाईन. आणि गंमत पाहा, इंग्रजानं हा शब्द एकदा लॅटीनवाल्याकडून घेतला, अन् नंतर फ्रेंचवाल्याकडून पुन्हा घेतला."

"घरात असलेलं लुगडं पुन्हा कायले इकत घेतलं?"

"तेच तर! दोन्ही एकात मिसळून गेले."

मला त्यातले जवस तेवढे समजले. जवसाची चटणी मी जन्मभर कुटत आले. आपण कुटतो त्यात इंग्रजी आहे हे मला कोणी सांगितले नव्हते. मधुकररावांनी त्यातून भलताच निष्कर्ष काढला. "म्हणजे ही इतके दिवस जवसाची चटणी मागून राह्यली असणार." मी नको म्हणत असताना घरी जाऊन स्वतः जवस भाजले, स्वतः कुटले. तिखट असे टाकले की सलीम रस्त्यापलीकडून शिंकला. कुसुमने एक घास खाल्ला, डोळे लाल केले आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "लाईन!"

त्याचा अर्थ कोणालाच विचारावा लागला नाही.

मी त्यांना एकदा तोंडावर विचारले. माझा स्वभाव तसाच आहे. म्हटले, "भाऊजी, पाहुण्याईले तुम्ही अर्थ सांगता ते खरे असतात काय?"

"नाही. निम्मे फेकतो."

"मंग कायले सांगता?"

ते फाटकाची कडी उगीच लावत उघडत राहिले. "मी गप्प राह्यलो, तर लोक म्हणतीन, बाई बडबडते. मी सांगतलं, तर म्हणतीन, बाईनं विचारलं. मग ते तिले उत्तर देतात. तिच्याकडं पाहून देतात. फरक पडते, वहिनी. एवढे अर्थ हाताशी असले की एखादा तरी बसतो."

 

संक्रांत आली. हळदीकुंकवाची बोलावणी सुरू झाली. शेजारच्या नलूचे पहिले हळदीकुंकू, लग्न होऊन या घरात आलेली नवी सून. तिने साऱ्या गल्लीला बोलावले आणि कुसुमचे घर ओलांडून गेली. मधुकरराव त्या दिवशी फाटकावर उभे राहिले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. लोक बेधडक गल्लीतून जायला लागले. सलीम मला म्हणाला, "चाची, गल्ली सूनी लग रही. चाचा को कुछ हुआ क्या?"

मी सरळ नलूकडे गेले.

"काय वं नलू, कुसुमले काहून नाही बोलावलं?"

ती हळद कालवत होती. "काकू, तसं नाही. पण तिथं सगळ्या बायका नाव घेतात. त्यांची पाळी आली की त्यांना कसंतरी वाटेल ना."

"तिले कसंतरी वाटन, का तुले?"

नलू खाली पाहून हळद कालवत राहिली. मग हात धुतले, कुंकवाची डबी घेतली आणि गेली. पोरगी वाईट नाही. सांगावे लागते.

संध्याकाळी कुसुम आली. हिरवे लुगडे, अंबाड्यात शेवंती. वेणी तिरपी होती, त्यावरून ती कोणी घातली ते दिसत होते. मधुकररावांनी तिला दारापर्यंत आणून सोडले आणि बायकांच्या चपलांजवळ उभे राहिले. घरी जा म्हटले तरी जाईनात.

बायका नाव घ्यायला लागल्या. नलूने सुरुवात केली, "तिळाच्या वड्या मांडल्या चांदीच्या ताटात, सुरेशरावांचं नाव घेते बायकांच्या थाटात." एकेक करत पाळी कुसुमच्या शेजारच्या बाईपर्यंत आली. तिचे झाले. पुढे कुसुम.  कोणी पदर चाळायला लागले, कोणी तिळगूळ मोडायला. नलूने माझ्याकडे पाहिले आणि कुसुमला ओलांडून पलीकडच्या बाईला म्हणाली, "तुम्ही घ्या ना, मावशी."

कुसुमने चांगला हात वर केला. थांबा.

आमच्या वयाच्या बायका एरवी नवऱ्याचे नाव तोंडातून काढत नाहीत. मीही काढले नाही, तो गेला तरी नाही. अशा नाव घेण्याच्या वेळीच ते काय निघायचे. म्हणून त्याला एक चाल असते, एक सूर असतो. कुसुमने पदर डोक्यावर घेतला, नीट बसली, आणि त्या सुरात सुरू केले. लाईन, लाईन, लाईन. पहिली ओळ उंच, दुसरी खाली आणलेली, जिथे थांबायचे तिथे थांबली. सगळ्या बायकांना कळले की आता नाव येणार. तिने मान खाली घातली आणि शेवटचा शब्द इतका हळू म्हटला की मागच्यांना ऐकूही गेला नसेल.

"लाईन."

कोणी हसले नाही. मी म्हटले, "घेतलं नाव. वाण द्या तिले."

नलूने वाण दिले, कुंकू लावले, वाकून नमस्कार केला. पलीकडच्या मावशी दाराकडे वळून हसत म्हणाल्या, "काय मधुकरभाऊ, तुमी तर सगळ्याईले अर्थ सांगत फिरता. हे काय म्हटलं तिनं, सांगा की!"

 मधुकरराव दाराबाहेर खाली बसून बायकांच्या चपलांचे जोड लावत होते, आणि सगळे चुकीचे लावत होते.